चादरीचा शिक्का

शिकागो
४ मार्च १९८४

प्रिय सुमती,

जयभीम.

चार महिने तुझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. सांगण्यासारखं काही होईपर्यंत सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. आता झालंय, तेव्हा ऐक.

नोव्हेंबरात मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. आजार काही नव्हता. इथे जाड माणसांचं पोट आता लहान करून देतात. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात कागदांना पिना मारतात ना, तशाच पिनांची एक ओळ पोटाला मारायची. वर सुपारीच्या डबीएवढी पिशवी उरते. अन्न तिथेच जातं, आणि ती भरली की संपलं. मी नर्स आहे, दहा जणांचं हे ऑपरेशन जवळून पाहिलं आणि मग अकराव्या टेबलावर मी झोपले. एकशे आठ किलोची होते, आज ब्याऐंशी आहे. तब्येत बरीच उतरली आहे, अजून उतरेल.

पहिला महिना नुसतं पाणी आणि पेज. आता चार घास, तेही दाताखाली पार पीठ होईपर्यंत चावायचे. पाचवा घेतला की छातीत अडकतो आणि उठून पळावं लागतं. पण गंमत सांगू? पोट भरलेलं असतं तरी भूक जात नाही. पंधरा दिवस मी तिच्याकडे नीट पाहत होते. ती भूक मी ओळखते. तिचं नाव राग आहे, आणि ती बरोबर अठरा वर्षांची आहे.

तुला आठवत नसेल असं मी धरून चालत नाही. नागपुरातलं, इंदोऱ्याचं आपलं घर, रविवार, आनंदरावांचं स्थळ मला पाहायला आलं होतं. मी पोहे घेऊन बाहेर आले आणि तुझ्या सासूनं, तेव्हा ती तुझी सासू नव्हती, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी पाहाले आलो होतो बापा, तुम्ही तं कणगीच आणून ठेवली." सगळे हसले. बाबा हसले. मग तू पाण्याचे पेले घेऊन आलीस, आणि तिनं विचारलं, "हे कोनाची?" महिन्याभरात आनंदरावांशी तुझं साक्षगंध झालं.

त्या दिवसापासून मी कुणासमोर जेवले नाही. होस्टेलमध्ये भिंतीकडे तोंड करून, इथे ड्यूटी संपल्यावर गाडीच्या काचा वर करून. कोंबडीचा अख्खा डबा मांडीवर घेऊन एकटी खात होते. चव कळत नव्हती. नुसतं तुझ्या सासूला, बायजाबाईला, चावते आहे असं वाटायचं.

डिसेंबरात मी नागपूरला येते आहे. तोवर पासष्ट किलोची होईन. तुझ्या सासूच्या समोर जेवायला बसेन. तिनं आग्रह करायचा आणि मी ताटावर हात आडवा धरायचा. बाकी मला काही नको. आनंदरावांच्या तोंडावरही तेव्हा काय उमटतं ते मला पाहायचं आहे.

हे पत्र बायजाबाईला वाचून दाखव. सगळं.

तुझी
प्रेमिला


नागपूर
२ एप्रिल १९८४

प्रिय ताई,

जयभीम. पत्र पोचलं. तू म्हणालीस वाचून दाखव, पण आमच्याकडे पत्र आलं की हे वाचतात. यांनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, दुसरं मनात वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. नंतर मला वाचायला दिलं.

सासूबाईंनी ऐकलं ते एवढंच, की प्रेमिलाचं पोट कापलं आणि तब्येत उतरली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आजार नव्हता असं यांनी दोनदा सांगितलं. पण त्यांचं म्हणणं, "चांगल्या पोटाले कोन कापून घेते गा? पोरगी आपल्याले घोर नको म्हणून लपवून राहिली. कॅन्सरच असन." संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बायका भेटायला येताहेत. शेजारची कौशल्या, इंदोऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवते ती, तिनं सगळ्यांना समजावून पाहिलं. तिला त्या म्हणतात, तुला काय कळते, तू तं गणिताची मास्तरीण.

पौर्णिमेला सासूबाईंनी विहारात तुझ्या नावानं परित्राण पाठ ठेवला. रडल्या. म्हणाल्या, "किती चांगली तब्येत होती वं तिची. खात्यापित्या घरची वाटे. अमेरिकेनं खाऊन टाकली." मग सगळ्यांना खीर वाटली. माझ्यापर्यंत येईस्तोवर संपली.

हे "एकशे आठाचे ब्याऐंशी? चार महिन्यांत?" एवढंच म्हणाले आणि पेन्सिलीनं वजाबाकी करून पाहिली.

मुलं बरी आहेत. मी बरी आहे. तू काळजी घे.

तुझी
सुमती


शिकागो
२५ एप्रिल १९८४

सुमती,

कॅन्सर! माझ्या नावानं पाठ आणि खीर! अगं, मी पोटाला पिना मारून घेतल्या त्या तुझ्या सासूनं माझ्यासाठी डोळे पुसावेत म्हणून? दया करणाऱ्या माणसाला शेवटी माफ करावं लागतं, आणि मला माफ करायचं नाही. तिला सांग, तिचे अश्रू परत घे म्हणावं. आणि बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या बाईनं दुसऱ्याच्या पोरीला धान्याची कणगी म्हणू नये, ही तेविसावी मी सांगितली म्हणावं.

परवा मी पाटोडीचा रस्सा केला. इकडे बेसन मिळवायला तासभर गाडी हाकावी लागते. मसाला भाजताना सगळी इमारत खोकली. ताट वाढून घेतलं, एक वडी अर्ध्या तासात खाल्ली, दुसरी उचलली आणि छाती दाटून आली. अख्खं पातेलं ओतून दिलं आणि तिथेच बसून रडले. एवढं सोसलंय ते कुणाच्या हळहळीसाठी नाही, हे तुम्हा सगळ्यांना कळलं पाहिजे.

सोबत फोटो आहे. निळा कोट मुद्दाम कमरेला पट्टा बांधून घातला आहे. हा तुझ्या सासूला दाखव, आणि मग आनंदरावांच्या हातात दे. हातातच दे.

तुला हे सगळं वेडेपण वाटत असेल. वाटणारच. तू बारीक होतीस म्हणून निवडली गेलीस. भरल्या घरात, भरल्या ताटावर बसलेल्या बाईला काय कळणार. आणि एक विचारते, दहा वर्षांत तू तुझा एकही फोटो पाठवला नाहीस. काय, माझी दृष्ट लागेल?

प्रेमिला


नागपूर
२० मे १९८४

प्रिय ताई,

जयभीम. फोटो मिळाला. सगळ्यांनी पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "गाल कुठं गेले वं हिचे?"

यांनी फोटो सदर बाजारातल्या दुकानातून चौकटीत बसवून आणला आणि स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर समोर टांगला. मी पोळ्या लाटायला बसले की तू समोर असतेस. हे रोज तुझं नाव काढतात.

मी पोटभर जेवते. माझी तब्येत चांगली आहे. यांचीही चांगली आहे. माझा फोटो पाठवत नाही, कारण इकडे ऊन फार आहे.

तुझी
सुमती


नागपूर
२ जून १९८४

माननीय श्रीमती प्रेमिलाताई यांस,
आनंदराव याचा सविनय जयभीम.

विषय : पोटाचे ऑपरेशन, नियम व पात्रता याबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ मार्च व दि. २५ एप्रिलचे पत्र.

वरील विषयास अनुसरून लिहितो की, आपला फोटो पाहून आम्हांस अत्यंत समाधान वाटले. आपण ओळखू येत नाही. आपली भगिनी सौ. सुमती हिचे वजन गेली बारा वर्षे सतत वाढत असून, दवाखान्यात वजन करण्यास ती तयार होईना, म्हणून गेल्या महिन्यात सावनेरला मामांकडे कापसाच्या काट्यावर करून घेतले. एक्क्याण्णव किलो भरले. कापसाचा काटा चुकत नाही.

आम्ही आमच्या परीने उपाय करीत आहोत. पिठाच्या व पोळीच्या डब्यास आईने कुलूप लावले असून, सुमतीस सकाळी दोन पोळ्या व सायंकाळी एक, याप्रमाणे देण्यात येते. भात बंद आहे. आपला फोटो रोज दाखवितो. ताटावर बसली की "बहिणीकडे पाहा" असे सांगण्यात येते. तरी फरक नाही. ती चोरून खात असावी असा आईचा संशय आहे. चारचौघांत तिला सोबत नेणे मी बंद केले आहे.

तरी विनंती की, सदर ऑपरेशन तिचे करता येईल काय, तसेच ऑपरेशनपूर्वी पाळावयाचे सर्व नियम व अटी आपल्या डॉक्टरांकडून लेखी स्वरूपात कळवाव्यात. अटींचे काटेकोर पालन करण्यात येईल, याची मी हमी देतो.

या पत्राबाबत सुमतीस कळवू नये. तिची पत्रे मीच पोस्टात टाकतो व टाकण्यापूर्वी वाचतो.

ताजा कलम : त्या वेळी आमच्या मातोश्रींनी फार घाई केली, असे आता फोटो पाहून मनात येते.

आपला नम्र
आनंदराव


शिकागो
१८ जून १९८४
(कौशल्याबाईंच्या शाळेच्या पत्त्यावर)

सुमे,

हे पत्र कौशल्याच्या हाती पाठवते आहे, कारण तुझी पत्रं तुझा नवरा वाचतो हे त्यानं स्वतःच मला कळवलं. विषय आणि संदर्भ टाकून कळवलं. त्याचं पत्र सोबत जोडते आहे. बसून वाच.

तू लिहिलंस की फोटो चुलीसमोर लावलाय आणि हे रोज माझं नाव काढतात. मी दोन दिवस वॉर्डात गाणी म्हणत फिरत होते गं. मला वाटलं तो पस्तावतोय. मला वाटलं बायजाबाईला रोज मिरची झोंबतेय. मी बाण सोडला सासूवर आणि तो अठरा वर्षं तिच्या घरात राबणाऱ्या माझ्याच बहिणीला लागला.

पत्राच्या तळाशी त्याचं ते वाक्य आहे, घाई झाली म्हणे. हेच वाक्य मला हवं होतं. ऐकण्यासाठी मी पोट कापून घेतलं. मिळालं, आणि वाचून मला ओकारी आली. पाचव्या घासाची ओकारी मी ओळखते, ही ती नव्हती.

कापसाच्या काट्यावर! माझ्या बहिणीला गाठोड्यासारखं तोललं! सुमे, मी त्याला सोडणार नाही. तिलाही नाही.

आधी तुझं सांग. तुला ऑपरेशन हवं असेल तर मी करवून देईन, पण खोटं सांगणार नाही. केस मूठमूठ गळतात. आपली भाकर-भाजी तू पुन्हा कधी हवी तेवढी खाऊ शकणार नाहीस. मला ते करायचं होतं, मी केलं आणि मला पस्तावा नाही. पण ते मी स्वतःहून टेबलावर चढून केलं. नवऱ्यानं अर्ज केला म्हणून कुणी ते करू नये.

नको असेल तर माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. त्याला लेखी अटी हव्यात ना? देते. इंग्रजीत टाइप करून देते, वर नंबर टाकून. आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींवर मारायचा गोल शिक्का आहे, तो खाली मारते. सरकारी ऑफिसात वीस वर्षं काढलेला माणूस गोल शिक्क्यापुढे उभा राहून कधी प्रश्न विचारेल का? तूच सांग.

प्रेमिला


नागपूर
८ जुलै १९८४

ताई,

हे पत्र शाळेत, चौथीच्या वर्गात बाकावर बसून लिहिते आहे. कौशल्या बाहेर उभी आहे. आज कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते.

यांचं पत्र वाचलं. मला त्यातलं काहीच नवीन नव्हतं, मी तिथेच राहते. नवीन होतं ते तुझं रडणं. ताई, अठरा वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस की सुमती, तू काय जेवतेस. माझ्या लग्नाला तू आली नाहीस, परीक्षा आहे म्हणालीस. सगळ्या पत्रांत तूच, तुझा अपमान, तुझं पोट. मी भरल्या ताटावर बसलेय हे तुला कुणी सांगितलं? मी पेले घेऊन आले कारण आईनं हातात दिले. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं पाणी देऊन परत जायचं आहे.

तुझा फोटो पाहून मला यांचा जेवढा राग येत नाही तेवढा तुझा येतो. हे लिहिलं, बरं वाटलं.

जाड कशी झाले तेही सांगते. या घरात सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते माझं. कधी भातच उरतो, कधी नुसता रस्सा. मुलांच्या ताटातलं, यांच्या ताटातलं, टाकवत नाही म्हणून खायचं. उभ्यानं, पातेलं घासायच्या आधी पातेल्यातून. ताट वाढून घेऊन बसल्याचं आठवत नाही. दोन बाळंतपणं झाली आणि अंग सुटलं. कुलूप लागल्यापासून मी कौशल्याकडे जाऊन खाते. आधी भूक लागायची म्हणून खायचे. आता कुलूप आहे म्हणून खाते. सासूबाई बरोबर बोलतात, मी चोरून खाते, आणि खाताना मला फार आनंद होतो.

ऑपरेशन नको. माझं पोट मला हवं आहे. त्यानं माझं काही वाईट केलेलं नाही.

अटी पाठव. शिक्का ठळक मार. आणि माझी एक अट त्यात घाल, मी जेवत असताना कुणी बोलायचं नाही.

सुमती


शिकागो
२२ जुलै १९८४

श्री. आनंदराव यांस,
जयभीम.

आपले दि. २ जूनचे पत्र मिळाले. वरिष्ठ डॉक्टरांशी आपल्या प्रकरणावर सविस्तर चर्चा केली. त्यांचे टाइप केलेले, सही-शिक्क्याचे पत्र सोबत जोडले आहे. आपल्या सोयीसाठी मराठीत गोषवारा देते.

अट १. रुग्णाचे वजन घरातल्या माणसांमुळे वाढते असे नव्या संशोधनात आढळले आहे. म्हणून ऑपरेशनपूर्वी सहा महिने पती व सासू यांनी रुग्णाचाच आहार घ्यावा. म्हणजे आपण कळविल्याप्रमाणे, सकाळी दोन पोळ्या, सायंकाळी एक. भात बंद.

अट २. रुग्णाने मात्र या काळात हवे ते व हवे तेवढे खावे. पोट मूळ आकारात असल्याशिवाय पिना कोठे माराव्यात याचा अंदाज येत नाही.

अट ३. सायंकाळचा स्वयंपाक पतीने स्वहस्ते करावा. चुलीच्या धुराचा रुग्णाच्या पोटावर परिणाम होतो.

अट ४. रुग्णाने सर्वांच्या आधी, बसून, गरम जेवावे. त्या वेळी पती व सासू यांनी समोर बसावे, पण बोलू नये. बोलण्याने घास अडकतो.

अट ५. कुलपाच्या किल्ल्या रुग्णाच्या ताब्यात असाव्यात. स्वयंपाकघरात दुसऱ्या रुग्णाचा फोटो नसावा.

एकही अट मोडल्यास सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातील. आपण नियमांना धरून चालणारे गृहस्थ आहात, म्हणूनच डॉक्टर या प्रकरणाचा विचार करण्यास तयार झाले. आपल्या मातोश्रींना माझा विशेष निरोप सांगावा, की त्यांची तब्येतही आता उतरेल.

आपली
प्रेमिला


नागपूर
२० ऑक्टोबर १९८४

प्रिय ताई,

जयभीम. हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे, घरून, दिवसाढवळ्या.

तुझ्या अटी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आल्या. यांनी आधी शिक्का पाहिला, मग मजकूर. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून एक फाईल आणली, कागदाला भोक पाडून तिला लावला आणि वर माझं नाव घातलं. सासूबाईंनी एकच गोष्ट विचारली, "डाक्टर मले काहून उपाशी ठेवून राहिला?" हे म्हणाले, "माय, लेखी हाय. शिक्का हाय." मग किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि फोटो खाली उतरला. तो मी तांदळाच्या डब्याखाली ठेवला आहे, राग पूर्ण गेला की बाहेर काढीन.

पहिल्या दिवशी यांनी केलेली भाकर मधे जाड, कडेला कच्ची आणि खाली करपलेली होती. मी ती सगळी खाल्ली. समोर दोघं बसले होते आणि कुणी बोलत नव्हतं. ताई, मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांना वाटलं असतं भाकर वाईट झाली म्हणून. दोनतीन दिवसांनी सवय झाली. मग मी सावकाश जेवायला लागले. इतकं सावकाश, की सासूबाईंच्या घशातला आवंढा मला ऐकू यायचा. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती का, मला माहीत नाही.

कुलूप गेल्यापासून चोरून खावंसं वाटत नाही. कौशल्या रुसली आहे, तिच्याकडे डबे उघडायला कुणी जात नाही म्हणून. माझं वजन किती झालं ते ठाऊक नाही. सावनेरहून मामा आले होते, काट्याची गोष्ट काढायला लागले. मी म्हटलं, मामा, आता तुम्ही आधी चढा.

तुझे आनंदराव मात्र चांगलेच वाळले. सदऱ्याची कॉलर सुटली. ऑफिसातले रोज विचारतात, "आनंदराव, बिमार हा का गा? शुगर निघाली का?" एकानं छातीच्या डॉक्टरचा पत्ता दिला. मोठ्या साहेबांनी त्यांना हलक्या कामावर बसवलं आणि जवळचा डबा पुढे केला, "खा, लाजू नका." घरी येऊन मला म्हणाले, "लोकं माह्यावर दया करून राहिले." मी म्हटलं, "करू द्या."

डिसेंबरात ये. पण सासूबाईंसमोर ताटावर हात धरायला येत असशील तर येऊ नकोस, तुझं तिथे आता काही शिल्लक नाही. माझ्यासोबत जेवायला ये. तुझे चार घास होईपर्यंत मी थांबेन, तू माझं होईपर्यंत थांब.

आता कालचं सांगते.

यांनी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, आता बऱ्या जमतात, आणि वांग्याची भाजी. टोपलीत पाच भाकरी होत्या. मी जेवायला बसले, समोर हे आणि सासूबाई आपापली एकेक पोळी घेऊन. माझी एक भाकर संपली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सुमे, अर्धी भाकर दे वं. पोटात आग पडून राहिली माह्या."

हे दचकले. "माय, बोलू नको! सहा महिने परत मोजा लागतीन."

मी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हटलं, "काही मोजावं लागत नाही. अटी डॉक्टरच्या नाहीत, माझ्या बहिणीच्या आहेत. चौथीतली, न बोलायची, माझी आहे. ऑपरेशन मला करायचं नाही, कधीच नव्हतं करायचं. आणि तो शिक्का चादरींवर मारायचा आहे, धुलाईखात्याचा."

हे उठले आणि फाईल घेऊन आले. कागद दिव्यासमोर धरून गोल गोल फिरवून पाहिला. अडीच महिने रोज ती फाईल उघडत होते, काल पहिल्यांदा त्यांना ती अक्षरं लागली. मला वाटलं ओरडतील, फाडतील. त्यांनी फाईल मिटली, तिची नाडी बांधली आणि एवढंच म्हणाले, "ऑफिसात कोनाले सांगू नको."

सासूबाई मात्र माझ्याकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तुले माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? म्या म्हातारी एका पोळीवर बसली होती तवा तुले माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो. डब्याची किल्ली तुमच्याकडे होती तेव्हा मी उपाशी आहे हे तुम्हाला माहीत होतं, तसं."

त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सुमे, तू भल्ली खराब हायस वं."

"हो," मी म्हटलं. टोपलीतली वरची गरम भाकर मी घेतली, आणि मग टोपली त्यांच्याकडे सरकवली.

तुझी
सुमती